हळदीच्या दिवशी आनंदीबाई गायली कशी

काळूरामचं प्रेत आनंदीबाईने पाहिलं सकाळी साडेसहाला, आणि गावाला सांगितलं दुसऱ्या दिवशी दुपारी चारला. मधल्या वेळात ती हळदीला गायली, लग्नाला गायली, दोन वेळा पोटभर जेवली आणि नवरीची पाठवणी करून मगच तिने तोंड उघडलं. एवढ्या एका गोष्टीवर तिचं पुढचं आयुष्य गेलं. खून कोणी केला ते आजतागायत कळलेलं नाही. मलाही नाही. शेवटी मी कोणाचं तरी नाव सांगेन या आशेने कोणी वाचत असेल तर त्याने इथेच थांबावं.

आनंदीबाई धवलारीण होती. आमच्या भिवंडीच्या खाडीकाठच्या आगरी गावांतून ज्यांनी लग्नं पाहिली आहेत त्यांना हे सांगायला नको, पण बाकीच्यांसाठी सांगते. लग्नात मांडव घालण्यापासून नवरी निघेपर्यंतचे सगळे विधी धवलारीण गाऊन करते. भटजी येतो, मंगलाष्टकं म्हणतो, जातो. पण कुठल्या देवाला आधी बोलवायचं, हळद कोणी आधी लावायची, उंबराची डहाळी कुठे बांधायची, हे सगळं त्या गाण्यांत असतं आणि ती गाणी धवलारणीच्या डोक्यात असतात. कागदावर काही नाही. आनंदीबाईला अक्षर येत नव्हतं, पण सलग दोन दिवस पुरतील इतके धवले तिला पाठ होते. अंजूरच्या आसपासच्या पाच-सहा गावांतून तिला सुपारी यायची. सुपारी म्हणजे एक सुपारी आणि एक नारळ, घरच्या कर्त्या माणसाने स्वतः आणून द्यायचा. वैशाखात तिच्या ओटीवर नारळांचा ढीग असे. तिचा नवरा केसरीनाथ म्हणायचा, "माझी बायको म्हंजे देवळाची पायरी. जो येतो तो नारळच ठेवतो."

मी तिकडच्या एका हायस्कुलात गणित शिकवायची. राहायची भिवंडी गावात, जायची-यायची रिक्षाने. आनंदीबाईची ओळख तशी वरवरचीच होती. तिची मुलगी माझ्या वर्गात होती, सातवीतून काढली. मी भांडायला गेले होते. तिने माझं सगळं ऐकून घेतलं, वर वाळल्या बोंबलांची पुडी हातात दिली आणि मुलीला काही पाठवलं नाही. हे १९८२चं. ती मला "बाय, तू" म्हणायची, मी तिला "तुम्ही". वयाने ती माझ्यापेक्षा सात-आठ वर्षांनी मोठी.

आता ते १९८६चं लग्न. दौलत नावाच्या माणसाची थोरली मुलगी जयवंती, हिचं लग्न दिघाशीच्या मुलाशी ठरलं होतं. दौलतची खाडीलगत जमीन, सामाईक. सातबाऱ्यावर त्याच्याबरोबर त्याचा चुलतभाऊ काळूराम याचं नाव. काळूराम पंचेचाळिशीचा, विधुर, मूलबाळ नाही. त्या जमिनीवर भिवंडीच्या कोणा व्यापाऱ्याला गोदाम बांधायचं होतं. दौलतला द्यायची होती, काळूराम सही करत नव्हता. त्यावरून दोघांचं बोलणं बंद. लग्नघरात एखादा भाऊबंद रुसून बसणं ही काही बातमी नव्हे, त्यामुळे हळदीच्या दिवशी काळूराम कुठे दिसत नाही याची कोणी चौकशी केली नाही. "रुसलाय, जेवायच्या वेळेला येईल," एवढंच.

तो खाडीच्या बांधाला, उघाडीपाशी पडलेला होता. उघाडी म्हणजे बांधातली ती फळी, जी उघडून खारं पाणी आत-बाहेर सोडतात. डोक्याला मागून मार. आनंदीबाई सकाळीच तिकडे गेली ती मांडवासाठी उंबराची डहाळी आणायला. बांधाजवळच एक उंबर आहे. म्हणजे होता.

दुसऱ्या दिवशी चार वाजता वऱ्हाडाचा टेम्पो धुरळा उडवत गेला. आनंदीबाईने पाय धुतले, मांडवात मधोमध उभी राहिली आणि म्हणाली, "काळूराम उघाडीपाशी पडलाय. मेलाय. कालपासनं."

दौलत छाती बडवत पळाला. पोलीस आले तेव्हा दौलत ओक्साबोक्शी रडत होता आणि आनंदीबाई मांडवातले पाट उचलून भिंतीशी लावत होती. दोन्ही गोष्टींची नोंद झाली.

त्या चौकीत तेव्हा बाई पोलीस नव्हती. मुख्याध्यापकांना निरोप आला की एका साक्षीदार बाईचे जबाब घ्यायचे आहेत, एखादी शिक्षिका बसायला पाठवा. त्यांनी मला पाठवलं, कारण मी गप्प बसत नाही आणि शाळेत त्यांना त्याचा त्रास होता. बाईमाणसाला जबाबासाठी चौकीत बोलवायचंच नसतं, तिच्या घरी जाऊन विचारायचं असतं, हे मला पुढे एका वकिलाने सांगितलं. तेव्हा ठाऊक असतं तर भांडले असते. ठाऊक नव्हतं. बसले.

फौजदार घाटावरचे, तरुण, शहाणे. मारहाण, शिवीगाळ काही नाही. आगरी बोली त्यांना नीट कळत नव्हती म्हणून महादू हवालदार शेजारी.

"प्रेत बघितल्यावर काय केलंस?"

"उंबराची डहाळी तोडली."

फौजदारांनी पेन खाली ठेवलं. "समोर माणूस मरून पडलाय आणि तू झाड तोडत होतीस?"

"झाड न्हाय. डहाळी. तिच्यासाठीच गेलेली."

"मेलाय हे कशावरून कळलं? हात लावून बघितलंस?"

"मेलेला म्हावरा हात लावून बघाया लागतो का, सायब?"

महादू हसला. फौजदार हसले नाहीत.

"ओरडली का नाहीस?"

"वरडली असती तर लोकांनी आयकला असता."

"मग? ऐकायलाच पाहिजे ना लोकांनी!"

"आयकला का सुतक," आनंदीबाई म्हणाली, जणू फौजदार पहिलीतला मुलगा आहे.

हे मात्र त्यांना समजावून सांगावं लागलं आणि ते मी सांगितलं. काळूराम दौलतचा सख्खा चुलतभाऊ. भावकीतलं मयत. सुतक लागलं की हळद नाही, लग्न नाही. दिघाशीचे लोक परत जाणार, पुढचा मुहूर्त कधी आणि लागणार की नाही, कोण जाणे. पण सुतक कधी लागतं? ऐकल्यावर. ऐकलं नाही तोवर लागत नाही. हा नियम आगऱ्यांचाच नाही, आमच्याही घरातला आहे. माझ्या चुलतबहिणीच्या लग्नात वडिलांच्या नावाने तार आली होती. वडिलांनी ती न फोडता कोटाच्या खिशात ठेवली आणि पंगत वाढायला गेले. तिसऱ्या दिवशी फोडली. आत्या गेली होती. सगळ्यांनी वडिलांच्या धीराचं कौतुक केलं. त्यांना कोणी चौकीत बोलावलं नाही.

फौजदार म्हणाले, "मॅडम, तुमची आत्या म्हातारपणाने गेली असेल. इथे खून झालाय. तीन भरत्या येऊन गेल्या. काय राहिलंय आता तिथे? चिखल."

त्यांचंही खोटं नव्हतं.

पुढचे प्रश्न असे. जेवलीस का? जेवली. काय जेवलीस? मटण-भात, हळदीला दुसरं काय असतं? 'मांसाहार केला' असं कागदावर गेलं. झोपलीस का? झोपली, जरा वेळ, पाठ टेकली. रडलीस का?

"न्हाय."

"का नाही?"

"रडल्यावर गळा बसतो. सकाळी लगीन लावायचा व्हता."

"तुझं आणि काळूरामचं वाकडं होतं?"

"त्याच्या लग्नाला मीच गायलेली. त्याची बायको गेली तेव्हा तिला आंघोळ मीच घातली."

"तरी रडू आलं नाही?"

ती हात मांडीवर पालथे ठेवून बसली होती. मी तिच्याकडे बघत होते, आणि खरं सांगायचं तर मलाही ते चमत्कारिक वाटत होतं. इतकं कोरडं बसलेलं माणूस मी पाहिलं नव्हतं.

"कोणाला सांगितलंस?"

"कुणाला न्हाय."

"घरी? नवऱ्याला?"

"कुणाला न्हाय."

पहिल्या दिवशी हे लक्षात आलं नाही. दुसऱ्यांदा, तिसऱ्यांदा बोलावलं तेव्हा आलं. बाकी कुठल्याही प्रश्नाला ती आधी जरा थांबायची, मग आजूबाजूच्या चार गोष्टी सांगून उत्तर द्यायची. या एका प्रश्नाला मात्र प्रश्न पुरा व्हायच्या आत उत्तर यायचं. दर वेळी तेच दोन शब्द. वर्षानुवर्षं मुलांचे चेहरे बघून कोणी उत्तर पाठ केलंय आणि कोणाला ते कळलंय हे ओळखणारी मी बाई. चौथ्या खेपेला बाहेर व्हरांड्यात फौजदारांनी विचारलं, "मॅडम, तुम्हाला काय वाटतं?"

मी म्हटलं, "खोटं बोलतेय."

कुठे, कशाबद्दल, ते मी सांगितलं नाही. त्यांनीही विचारलं नाही. रिक्षा उभी होती आणि मला वर्गाचे पेपर तपासायचे होते. महादू हवालदार तिथेच पाणी पीत होता. आठवड्याभरात तालुक्याला कळलं की शाळेतल्या बाईसुद्धा म्हणतात आनंदी खोटारडी आहे.

त्या पावसाळ्यात तिला नऊ वेळा बोलावलं. दौलतलाही बोलावलं, जमिनीचं भांडण होतंच. पण हळदीच्या आदल्या रात्रीपासून दौलत शंभर माणसांच्या गराड्यात होता आणि तो रडला होता. व्यापाऱ्याच्या माणसांनाही बोलावून सोडलं. पुरावा कोणाच्याच विरुद्ध नाही. पुढे फौजदारांची बदली झाली, नवे आले, त्यांच्यापुढे दुसरी कामं होती. भिवंडीत कामांना तोटा नव्हता.

आनंदीबाईच्या हातात तेव्हा सुपाऱ्या होत्या, पुढल्या मोसमाच्या. एकेक घरातून माणूस आला आणि परत घेऊन गेला. भांडण नाही, तंटा नाही. "काकी, आमच्या सोयऱ्यांनी त्यांचीच धवलारीण ठरवलीय." दुसरा: "काकी, यंदा रजिस्टर लगीन करतोय," आणि त्याच्या घरी वैशाखात दोन दिवस बॅंड वाजला. मयत बघून आलेल्या हातांनी हिने हळद कुटली, असं बायका बोलायच्या. खुनाशी तिचा संबंध आहे असं बहुधा कोणालाच वाटत नव्हतं. पण पोलीस एखाद्या बाईला नऊ वेळा उगाच का बोलावतील? आणि शिकलेल्या बाई खोटारडी का म्हणतील?

धवलारणीला कोणी काढून टाकत नाही. तिला फक्त बोलवत नाहीत.

पहिल्या वैशाखात ती घरातच बसली. दुसऱ्या वर्षी केसरीनाथला अर्धांगाचा झटका आला आणि तिने भिवंडीत लूमवर कामाला जायला सुरुवात केली. कांड्या भरायचं काम, म्हणजे धोट्यात घालायच्या सुताच्या कांड्या. बाया-पोरी भरतात. कारखाना माझ्या घरामागच्या गल्लीत. मी १९८८ साली तिला तिथे पहिल्यांदा बघितलं आणि तोंड लपवून पुढे निघाले. तिनेच हाक मारली.

"बाय, पळतेस कंला?"

मी थांबले. काय बोलावं कळेना, म्हणून नसतं बोलले. "एवढ्या खडखडाटात कसं काम करता हो?"

"बरा हाय. इथं कुणाला काय आयकू येत न्हाय."

तिथून पुढे ती शिफ्ट सुटली की कधीकधी माझ्याकडे यायची. पायरीवर बसायची, चहा घ्यायची, जायची. मी काय बोलले होते ते तिला ठाऊक होतं. मी एकदा विषय काढला. ती म्हणाली, "तू बोललीस ते खरांच व्हता." आणि कप विसळून ठेवला. मला वाटलं टोमणा मारतेय. मी रागावले सुद्धा. माणसाने माफ करायचं तर सरळ करावं.

या वर्षांत तिच्यात काही हालचाल होत होती असं मला कधी जाणवलं नाही. केसरीनाथ गेला, ती चौदाव्या दिवशी ड्युटीवर हजर. मुलगा वाड्याला राहायला गेला, सून घेऊन. तिने सांगितलं तेही रिक्षाचं भाडं वाढल्याचं सांगावं तसं. फक्त वैशाखात तिच्या येण्याला फरक पडायचा. सुपारी द्यायला लोक सकाळी येतात. त्या महिन्यात ती सकाळची शिफ्ट घेत नसे. सकाळी घरी थांबायची आणि दुपारी कामाला यायची. दर वर्षी. मी हिशेबाने ओळखलं, तिने सांगितलं नाही.

१९९५ साली फेब्रुवारीत दौलत माझ्या दारात उभा राहिला. तोवर तो बडा माणूस झाला होता. जमिनीवर गोदामं उभी होती, काळूरामला वारस नसल्याने त्याचा हिस्सा दौलतकडेच आला होता. अंगावर कडक इस्त्रीचा पांढरा शर्ट.

"बाई, माझ्याबरोबर गावात येता का? आनंदीकाकीकडे. तुमचं ऐकते ती."

"कशाला?"

"धाकटीचं लगीन हाय. जयवंती हटून बसलीय. बोलते, माझा संसार चांगला झाला, दोन पोरं झाली, घरात बरकत हाय. माझ्या लग्नाला जी गायली तीच बहिणीच्या लग्नाला पायजे. न्हायतर मी मांडवात पाय ठेवणार न्हाय."

धवलारणीचा दाखला तिने लावलेला संसार. जयवंतीचा मुद्दा बिनतोड होता. मी पर्स उचलली. मला आनंदच झाला होता, खोटं कशाला सांगू? वाटलं, नऊ वर्षांनी का होईना, माझ्या तोंडून गेलेल्या दोन शब्दांचं काहीतरी फिटतंय.

आनंदीबाई ओटीवर बसून करंदी निवडत होती. दौलतने नारळ आणि सुपारी पुढे केली. तिने हात पुसले. पण हात पुढे केला नाही.

"काकी, घे ना. मी सोता आलोय. बाईना पण आणलाय."

"दिसतंय."

"जयवंती बोलवते तुला."

"जयवंती चांगली हाय का?"

"चांगली हाय."

"मग मी घेते सुपारी," आनंदीबाई म्हणाली. "पन एक काम कर. हळदीच्या दिवशी मी गायला उभी राहीन, त्याच्या आधी मांडवात सगळ्यांच्या देखत सांग. त्या दिवशी सकाळी मी तुला काय सांगलेला, नि तू मना काय बोललास."

दौलतचा हात तसाच राहिला. नारळ खाली घ्यावा की पुढे धरावा, त्याला सुचेना.

मी म्हटलं, "काय सांगितलं होतंत?"

ती माझ्याकडे न बघता बोलली. उंबराची डहाळी घेऊन ती सरळ दौलतच्या घरी आली होती. तो मागे चुलाणावर पाणी चढवत होता. तिने त्याला बाजूला घेतलं आणि सांगितलं, काळूराम उघाडीपाशी मरून पडलाय. आणि हेही सांगितलं की ओहोटी आहे, चिखलात ठसे आहेत, दुपारी बाराला भरती चढेल आणि सगळं पुसून नेईल, काय करू?

"ठसे?" मी विचारलं. "कसले ठसे?"

"बुटाचे. दोन माणसांचे. टाच हाय असे बूट. आमच्यात कोन बूट घालून खाजणात उतरतो, बाय? बांधावरनं उतरलेले, नि परत चढून गेलेले. तुमाना अक्षरा वाचता येतात, आमाना चिखल."

"हे तुम्ही फौजदारांना का नाही सांगितलंत?"

"इचारला कुनी? नऊ वेळा गेली. दर वेळी इचारला, गायलीस कशी, जेवलीस कशी, रडली कंला न्हाईस. काय बगलास, असा एकान पन इचारला न्हाय. तू पन तिथंच बसलेलीस."

बसलेली होते. मला एकही प्रश्न आठवेना ज्यात 'काय बघितलंस' असं होतं. प्रेत कसं पडलं होतं, तेवढं विचारलं होतं. पालथं, एवढं लिहून घेतलं होतं.

"आणि दौलत काय म्हणाला?"

दौलत तिथेच उभा होता. उत्तर त्यानेच दिलं. "मी बोललो, हळद होऊंदे, काकी. तू मना सांगला न्हाय नि मी आयकला न्हाय." मग म्हणाला, "दारात दीडशे पान जेवणार व्हता, बाई. पोरगी हळदीला बसलेली. काय करायचा मी?"

"आणि मग चार वाजता छाती बडवलीत."

"रडू तेव्हाच आला. खरंच आला."

मला त्याच्यावर विश्वास ठेवावा की नाही ते कळलं नाही. आजही कळत नाही. बुटाचे ठसे दौलतचे नव्हते, एवढं खरं. ते कोणाचे आहेत हे त्याला ठाऊक होतं का, भरती चढावी म्हणूनच तो गप्प राहिला का, की खरोखर पोरीच्या हळदीपलीकडे त्याला काही दिसत नव्हतं? मी त्याला तिथल्या तिथे हे तिन्ही प्रश्न विचारले. तो म्हणाला, "न्हाय बाई," आणि मग पुन्हा, "न्हाय बाई."

"मांडवात सांगशील का तेवढा बोल," आनंदीबाई म्हणाली.

"कसा सांगू? मी आयकलेला म्हंजे सुतक लागलेला. सुतकात लगीन लावला असा व्हईल. जयवंतीची सासू हाय अजून. म्हातारी पोरीला एक दिवस घरात ठेवायची न्हाय. तिकडं धाकटीचा पन मोडंल." आणि मग खालच्या आवाजात, "काकी, मना सांगायचा असता तर मी नऊ वर्सांआदी सांगला असता."

"मना पन," आनंदीबाई म्हणाली.

दौलत नारळ काखेत मारून गाडीकडे गेला. तिने करंदीचं सूप पुढे ओढलं.

मी भडकले. असं माणसाचं नाक दाबून काय मिळवलंत? इतकी वर्षं वैशाखात सकाळची शिफ्ट सोडत होतात ना? आली सुपारी, घ्यायची होतीत!

"घेतली असती," ती म्हणाली. "पन मांडवात उभी राहिल्यावर लोक काय बगतील? दौलतनं पोरीच्या हट्टापायी आनली, असाच ना? मना तशी नको. मना पयल्यासारखी पायजे."

मी दुसऱ्या दिवशी चौकीत गेले. नवे साहेब सभ्य होते, त्यांनी बसायला खुर्ची दिली आणि जुनं रजिस्टर काढायला लावलं. 'अ' समरी. म्हणजे गुन्हा खरा, आरोपी सापडत नाही, फाईल बंद. साहेब म्हणाले, नवीन काही असेल तर उघडता येते, साक्षीदाराचा सही-अंगठ्याचा कागद आणा. आणला म्हणजे लगेच काही होईल असं नाही, पण आणा.

रविवारी मी रेघांचा कागद घेऊन तिच्याकडे गेले. तिने सांगितलं तसं, तिच्याच शब्दांत लिहिलं. डहाळी, ठसे, चुलाण, भरती, दौलतचं वाक्य. दोन पानं झाली. मोठ्याने वाचून दाखवलं. ती डोळे मिटून ऐकत होती, धवल्याची चाल बरोबर आहे का ते तपासावं तशी. दोन ठिकाणी दुरुस्ती सांगितली. चुलाण मागच्या दारी नव्हतं, गोठ्याकडे होतं. आणि दौलत 'काकी' म्हणाला नव्हता, नुसतं 'गो' म्हणाला होता. मी दुरुस्त केलं. शाईचं पॅड उघडून तिच्यापुढे ठेवलं.

"बराबर हाय," ती म्हणाली. "हे एकदा कुनीतरी लिवायला पायजे व्हता."

"मग द्या अंगठा."

"न्हाय."

"आनंदीबाई!"

"ह्याच्यावर अंगठा दिला म्हंजे जयवंतीचा लगीन सुतकातला. मी सोता बोलले असा व्हईल. लावलेला लगीन धवलारीन मोडते का कुठं?"

"धवलारीण, धवलारीण! अहो, नऊ वर्षांत कोणी एक नारळ ठेवलाय का तुमच्या ओटीवर?"

तिने शाईचं पॅड माझ्याकडे सरकवलं. मी म्हटलं, काळूरामचं काय? त्याला मारलं कोणी, हे कळायला नको? तुम्ही त्याच्या बायकोला आंघोळ घातलीत ना?

"काळूराम मेलाय," ती म्हणाली. "जयवंती जित्ती हाय."

एवढं बोलून तिने कागद माझ्या हातातून घेतला, अगदी सावकाश, मी सोडेपर्यंत धरून राहिली. मग त्याचे चार तुकडे केले आणि उठून चुलीत घातले. चूल विझलेली होती. तिने काटक्या सारून फुंकली, तेव्हा कुठे कडा पेटल्या.

दौलतच्या धाकटीचं लग्न मे महिन्यात झालं. हळदीला कॅसेट लावली. जयवंती बहिणीच्या मांडवात आली नाही असं ऐकलं, शब्दाची पक्की निघाली. आनंदीबाई १९९९ साली कावीळ होऊन गेली, तोवर कांड्याच भरत होती. त्यानंतर दौलत गेला, दिघाशीची म्हातारीही गेली. मागच्या वर्षी मी जयवंतीला सगळं सांगितलं. तिचा मोठा मुलगा आता तीस-पस्तिशीचा आहे. ती म्हणाली, लिहा. नावं बदलू का, विचारलं. म्हणाली, आनंदीकाकीचं बदलू नका, आमची बदला. तशी बदलली आहेत.

त्या रविवारी कागद जळून झाल्यावर मी तशीच बसून राहिले होते. मला राग आला होता आणि तो कोणावर काढावा ते कळत नव्हतं. आनंदीबाईने शाईच्या पॅडचं झाकण लावलं, माझ्या पर्समध्ये ठेवलं आणि दाराकडे हात केला.

"जा बाय आता. सातनंतर भिवंडीला रिक्षा न्हाय मिलत."